रोस्टो, फ्रँक, वॉलरस्टाइन पाठ नका करू, घाना घ्या

तुमचा प्रश्न असा की स्पर्धा परीक्षेच्या समाजशास्त्र ऑप्शनलसाठी आधुनिकीकरण (रोस्टो), अवलंबित्व (फ्रँक) आणि जागतिक व्यवस्था (वॉलरस्टाइन) हे विकासाचे तिन्ही सिद्धांत वाचून झाले, नोट्स काढून झाल्या, तरी "मग बरोबर कोण" हे कळत नाही आणि उत्तर लिहायला बसलं की तीन परिच्छेद तीन दिशांना पळतात. मी बारा-तेरा वर्षं हे शिकवतोय, दरवर्षी कुणीतरी हेच विचारतं. चूक तुमची नाही, नोट्समध्ये तिघांना एका तक्त्यात शेजारी शेजारी बसवलेलं असतं, जणू तिघे एकाच दिवशी वक्तृत्व स्पर्धेला आलेत. प्रत्यक्षात आधीचा जिथे अडला तिथून पुढचा सुरू झालाय. म्हणून एक देश धरा आणि तिघांनाही त्याच्यावर घासून बघा. मी पश्चिम आफ्रिकेतला घाना घेतो.

१९५७ ला घाना स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्याकडे कोको होता, सोनं होतं, बॉक्साइट होतं, शिकलेली माणसं होती आणि एन्क्रुमासारखा झपाटलेला नेता होता. तीन वर्षांनी अमेरिकन अर्थतज्ज्ञ रोस्टोचं पुस्तक आलं. पारंपरिक समाज, उड्डाणाची पूर्वतयारी, उड्डाण, परिपक्वता, भरपूर उपभोग अशा पाच पायऱ्या, आणि उड्डाणासाठी, म्हणजे अर्थव्यवस्था स्वतःच्या जोरावर वाढायला लागावी म्हणून, गुंतवणूक राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या वर न्यायची. म्हणजे रस्ता सगळ्यांना एकच, कुणी पुढे कुणी मागे एवढंच. पुस्तकाच्या उपशीर्षकातच 'कम्युनिस्टेतर जाहीरनामा' असं लिहिलंय आणि रोस्टो पुढे अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांचा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाला, व्हिएतनाम युद्धाचा कट्टर समर्थक. शीतयुद्ध वजा करून हा सिद्धांत वाचला की अर्धा हातातून सुटतो.

आता अकोसोम्बो धरण. व्होल्टा नदीवर धरण बांधायचं, वीज करायची, त्या विजेवर अॅल्युमिनियम गाळायचं, घानातलंच बॉक्साइट वापरायचं, म्हणजे खाण ते कारखाना सगळी साखळी देशात, उड्डाण म्हणतात ते हेच की. धरण १९६५ ला पूर्ण झालं, साधारण ८० हजार माणसं विस्थापित झाली (हा आकडा नोट्समध्ये कधीच नसतो, आपल्याकडे कोयनेच्या धरणग्रस्तांना विचारा तो किती जड असतो). पण पैसा उभा करायचा तर वीज विकत घेणारं मोठं गिऱ्हाईक हवं, ते गिऱ्हाईक म्हणजे अमेरिकेतली कैसर कंपनी, आणि मग अटी तिच्या. वीज अगदी स्वस्तात, दर लांब मुदतीसाठी बांधलेला, करात सवलती. आणि गंमत बघा, तेमा बंदरातल्या स्मेल्टरला (अॅल्युमिनियम गाळणाऱ्या कारखान्याला) लागणारं अॅल्युमिना, म्हणजे बॉक्साइटवर प्रक्रिया करून मिळणारी पूड, बाहेरून जहाजाने यायचं, घानाचं बॉक्साइट वेगळ्या जहाजाने बाहेर जायचं. साखळी जुळलीच नाही, मधली कडी परदेशात राहिली. त्याच सुमारास कोकोचे भाव कोसळले, जानेवारी १९६६ मध्ये एन्क्रुमाने प्रकल्पाचं उद्घाटन केलं आणि फेब्रुवारीत लष्कराने त्याची सत्ता उलथवली.

इथे अवलंबित्ववाले येतात. अर्जेंटिनाचा प्रेबिश, आधी तिथल्या मध्यवर्ती बँकेत होता, त्याने १९४९ मध्येच मांडलं होतं की कच्चा माल विकून यंत्रं घेणाऱ्या देशाला दीर्घकाळात तेवढ्याच यंत्रासाठी जास्त जास्त माल द्यावा लागतो. कोको पिकवणाऱ्याला हे समजवावं लागत नाही आणि खरं तर आपल्या कापूस-कांदावाल्यालाही नाही. पण प्रेबिशला व्यवस्था दुरुस्त करायची होती, गुंडर फ्रँक १९६६ मध्ये त्याच्या पुढे गेला, म्हणाला हे देश 'मागे राहिलेले' नाहीतच, त्यांना मागास बनवलंय, आणि त्यांचं मागासपण आणि तिकडची श्रीमंती एकाच व्यवहारातून आलीय. पेपरात नुसतं "श्रीमंत देश गरीब देशांचं शोषण करतात" लिहिलंत तर मार्क जातात. शोषण कुठल्या वाटेने होतं ते लिहा: भाव, करार, कर, जहाज, कर्ज. अकोसोम्बोत यातलं बरंचसं सापडतं.

मग फ्रँक बरोबर, असं म्हणून उठू नका, कारण दक्षिण कोरिया. १९६० च्या आसपास कोरियाचं दरडोई उत्पन्न साधारण घानाच्याच पातळीवर होतं. जपानची जुनी वसाहत, युद्धाने उद्ध्वस्त, अमेरिकी मदतीवर जगणारा, म्हणजे फ्रँकच्या हिशेबाने बुडायलाच हवा होता, पण तो वर चढला. रोस्टोवाले लगेच टाळ्या वाजवतात पण त्यांनीही थांबावं, कारण तिथे जमीन आधी कुळांकडे गेली होती, जमीनदार वर्ग मोडला होता, बँका सरकारच्या मुठीत होत्या, आणि स्टील प्रकल्प परवडणार नाही असं जागतिक बँकेचं मत असताना जपानकडून मिळालेल्या भरपाईच्या पैशातून पोहांगला पोलाद कारखाना उभा राहिला, १९७३ ला सुरू झाला. बाजार मोकळा सोडला आणि उड्डाण झालं असं काही झालं नाही. शिवाय कम्युनिस्टांच्या सीमेवरच्या देशाला अमेरिकेने जेवढं सैल सोडलं तेवढं घानाला कोण सोडणार होतं?

वॉलरस्टाइन (१९७४) इथे कामाला येतो. त्याचं सुरुवातीचं संशोधन घाना आणि आयव्हरी कोस्टवरच होतं, हे फार कुणी सांगत नाही. तो म्हणतो की देश सुटे सुटे मोजूच नका, एकच व्यवस्था आहे, केंद्र (श्रीमंत, औद्योगिक देश), परिघ (कच्चा माल आणि स्वस्त श्रम पुरवणारे) आणि मध्ये अर्धपरिघ, आणि एखादा देश जागा बदलू शकतो, फक्त सगळे एकदम वर चढू शकत नाहीत. कोरिया चढला म्हणून शिडी सगळ्यांसाठी आहे असं सिद्ध होत नाही. माझी तक्रार एवढीच की त्याच्या नकाशात देशाच्या आतलं भांडण पुसट होतं, कोरियातला जमीनदार कसा मोडला हे तो नीट सांगत नाही. त्यासाठी कार्दोसो वाचा, तोच जो १९९५ ला ब्राझीलचा राष्ट्राध्यक्ष झाला. बाहेरचं भांडवल, स्थानिक भांडवलदार आणि सरकार यांची मोट कशी बांधली जाते यावर तो फ्रँकपेक्षा बारीक बोलतो आणि परावलंबी राहूनही काही विकास होतो हे मान्य करतो.

आणि भारतीय विचारवंत जोडा असं विचारलंच तर दादाभाई सगळेच लिहितात, तुम्ही न्या. रानडे लिहा. १८९० मध्ये पुण्यात त्यांनी मांडलं होतं की या देशाला मळा समजलं जातंय, कच्चा माल इथे पिकवायचा, ब्रिटिश दलालांनी ब्रिटिश जहाजातून न्यायचा, तिकडे कापड करून परत इथेच विकायचं. फ्रँकच्या ७६ वर्षं आधी, आणि इंग्रजीत शब्दसुद्धा 'डिपेंडन्सी' हाच.