नेट गेलं तरी डबा सापडायला हवा: जिओकॅशिंगच्या माहितीविषयी वाचकांचे प्रश्न

कोणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या अंकांवरून (म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून) शोधायचा आणि त्यातल्या वहीत नाव लिहून तो होता तसा परत ठेवायचा, हा जिओकॅशिंगचा खेळ. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. लगेच दुसऱ्या दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात पहिला डबा ठेवला आणि त्याचे अंक इंटरनेटवर टाकले. म्हणजे पहिल्या दिवसापासून डबा रानात आणि त्याची माहिती नेटवर. बडोद्याहून आलेले या वेळचे बहुतेक प्रश्न या दोहोंच्या ताटातुटीचेच आहेत. (डब्याला खेळात ‘कॅश’ म्हणतात. ऐकणाऱ्याला ते पैशांचं वाटतं, म्हणून मी डबाच म्हणते.)

प्रश्न: ताई, आम्ही चौघं जांबुघोड्याला गेलो होतो. निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर सी-जिओ या जिओकॅशिंगच्या अॅपमध्ये डब्यांची माहिती साठवून घेतली होती. जंगलात रेंज गेली. डब्यांची यादी दिसत होती, पण नकाशा पांढराफटक. आमचं काय चुकलं? आणि नेट नसताना जीपीएस चालतं तरी का? (मांजलपूर)

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण पुष्कळांचा तिथेच घोटाळा होतो. जीपीएस नेटशिवाय चालतं. फोन उपग्रहांचं फक्त ऐकत असतो, त्यांना काही कळवत नाही, आणि त्यासाठी सिमकार्डही लागत नाही. नेट असलं की आकाशात कोणता उपग्रह कुठे आहे हे फोनला झटकन कळतं. नेट नसलं की तेच उपग्रहांकडून सावकाश ऐकून घ्यावं लागतं. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी सांगतो. सगळ्या उपग्रहांचं पंचांग पुरं व्हायला मात्र साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून हालोलला चहाला थांबाल तेव्हा, रेंज आहे तोवर, मोकळ्या आकाशाखाली अॅप एकदा उघडा आणि आपली जागा बरोबर दाखवतंय ना ते पाहा. पुढे झाडीत शिरल्यावर फोन अडखळत नाही.

आता नकाशाचं. डब्याची माहिती आणि नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या उतरवाव्या लागतात. तुम्ही पहिली उतरवलीत, दुसरी राहिली. गुगलचा नकाशा अॅपमध्ये दिसतो तो नेटवरून तुकड्यातुकड्याने येतो. रेंज गेली की तुकडे येणं बंद. सी-जिओमधूनच ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले नकाशे फोनमध्ये उतरवता येतात. फाइल मोठी असते, तेव्हा हे काम वायफायवरच करा. आणि ती उतरवल्यानंतर नकाशाच्या मेनूत जाऊन तोच नकाशा निवडा. ही शेवटची पायरी इतके लोक विसरतात की मी ती प्रत्येकाला दोनदा सांगते.

जिओकॅशिंगच्या अधिकृत अॅपमध्ये यादी ऑफलाइन उतरवायची सोय पैसे भरणाऱ्या सभासदांनाच आहे. त्याच सभासदांना ‘पॉकेट क्वेरी’ मिळते: हव्या त्या परिसरातले जास्तीत जास्त १,००० डबे एका फाइलीत, आणि अशा दिवसाला १० फाइली. आपल्याकडे डबे विरळ आहेत, गुजरातेत फिरायला एवढं कधीच लागणार नाही. मुलाकडे जर्मनीला जाणार असाल तर हे आकडे कामाचे.

निघायच्या आदल्या रात्री फोन विमान मोडवर टाका आणि एकेक डबा उघडून बघा. वर्णन, इशारा (डबा कुठे लपवलाय ते सुचवणारी ओळ), शोधून गेलेल्यांच्या शेवटच्या नोंदी, गाडी लावायची जागा, फोटो. जे त्या रात्री घरात उघडणार नाही ते जंगलातही उघडणार नाही. फोटो विशेष पाहा, कारण पॉकेट क्वेरीच्या फाइलीत ते येत नाहीत. जंगलातही फोन विमान मोडवरच ठेवा. रेंज शोधण्यात तो बॅटरी जाळत राहतो, आणि या मोडमध्ये बहुतेक फोनांचं जीपीएस चालूच राहतं. सोबत एका कागदावर डब्याचा क्रमांक, अंक आणि इशारा लिहून खिशात ठेवा. मी इतक्या वर्षांनंतरही ठेवते.

प्रश्न: विश्वामित्रीच्या काठाजवळ एका डब्यासाठी तासभर शोधलं. घरी येऊन साइट पाहिली तर मालकाने तो पावसाळ्यापुरता बंद ठेवला होता! माझ्या फोनमध्ये मात्र तो चालू दिसत होता. अॅप खोटं सांगतं का? (दांडिया बाजार)

अॅप खोटं सांगत नाही. तुम्ही ज्या दिवशी माहिती उतरवलीत त्या दिवसाचं खरं ते सांगतं. तुमचं पत्र वाचून मात्र मला काळजी वाटली. विश्वामित्रीत मगरी आहेत, शहराच्या मध्यातून जाणाऱ्या भागातसुद्धा, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्तीत शिरल्या होत्या. काठच्या गवतात हात घालून तासभर शोधणं माहिती ताजी असतानाही करू नका. त्या डब्याच्या मालकाने तो बंद का ठेवला असेल हे वेगळं सांगायला नको.

उतरवलेली माहिती दुधासारखी असते. तिच्यावर तारीख हवी. यादीच्या नावातच तारीख घाला: ‘पावागड १२ ऑक्टोबर’. निघण्याच्या दिवशी सकाळी यादी एकदा ताजी करून घ्या, अॅपमध्ये त्यासाठी बटण असतं. पॉकेट क्वेरी वापरत असाल तर ती पुन्हा चालवा. तयार झालेली फाइल साइटवर सात दिवसच राहते, त्यामुळे जुनी फाइल तिथून उचलायचा मोह तसाही फार दिवस टिकत नाही.

अनुभवी मंडळींनाही चकवणारी एक गोष्ट इथेच सांगते. बंद केलेल्या डब्याचे दोन प्रकार असतात. तात्पुरता बंद असलेला नव्या फाइलीत ‘बंद’ अशी खूण घेऊन येतो. कायमचा काढून टाकलेला मात्र नव्या पॉकेट क्वेरीत येतच नाही. तुम्ही नवी फाइल जुन्या यादीवर चढवलीत तर आलेल्या डब्यांची माहिती ताजी होते. जो आलाच नाही तो जुन्या अवतारात, चालू म्हणून, तसाच बसून राहतो. आणि मग नसलेल्या डब्यासाठी माणूस उन्हात फिरतो. म्हणून नवी फाइल नेहमी नव्या, रिकाम्या यादीत घ्या आणि जुनी यादी पुसून टाका.

ताजी माहितीसुद्धा वाचता यायला हवी. पॉकेट क्वेरीत प्रत्येक डब्याच्या शेवटच्या पाच नोंदी येतात. त्यातल्या वरच्या तीन ‘सापडला नाही’ अशा असतील तर डबा बहुधा गेलेला आहे. पाचही ‘सापडला’ आहेत, पण सर्वांत वरची दोन पावसाळ्यांपूर्वीची आहे, तरी सावध राहा. आणि तुम्हाला सापडला नाही तर तशी नोंद जरूर करा. लोक कमीपणा वाटून ती टाळतात. पुढच्या माणसाला खरा उपयोग त्याच नोंदीचा होतो.

प्रश्न: मी अंक जसेच्या तसे फोनमध्ये टाकले, तरी नकाशा मला पादऱ्याच्या बाजूला शेतात नेतो. डबा तर शहरात आहे. (अलकापुरी)

तुम्ही मिनिटं दशांशासारखी वाचलीत. जिओकॅशिंगमध्ये अंक अंश आणि दशांश-मिनिटं असे लिहितात. उदाहरणार्थ शहरातला एक बिंदू घ्या: एन २२° १८.४३२, ई ०७३° १०.८७२. यातले १८.४३२ म्हणजे मिनिटं, आणि अंशाची मिनिटं ६० असतात. हेच कोणी २२.१८४३२ आणि ७३.१०८७२ असं टाकलं तर बिंदू सुमारे साडेतेरा किलोमीटर दक्षिणेला आणि साडेसात किलोमीटर पश्चिमेला सरकतो. तिथेच तुमचं शेत. बरोबर रूपांतर असं: १८.४३२ ला ६० ने भागा, ०.३०७२ येतात, म्हणजे २२.३०७२. तसंच १०.८७२ ला ६० ने भागून ७३.१८१२.

मिनिटाच्या तिसऱ्या दशांशस्थळाचा एक अंक म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनचीही चूक पाचएक मीटर असते. तेव्हा शेवटच्या अंकासाठी जीव टाकू नका. जवळ पोचलात की फोन खिशात घाला आणि डोळ्यांनी शोधा.

प्रश्न: मुलाने अमेरिकेहून त्याचं जुनं गार्मिन, म्हणजे हातात धरायचं जीपीएस यंत्र, पाठवलंय. संगणकाला जोडलं, पुढे काय करायचं कळत नाही. मी निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे! (कारेलीबाग)

काका, वेळ आहे तर काम सोपं आहे. यंत्र यूएसबी केबलने जोडलं की पेन ड्राइव्हसारखं उघडतं. त्यात ‘गार्मिन’ फोल्डर, त्यात ‘जीपीएक्स’ फोल्डर. डब्यांची माहिती असलेली तुमची जीपीएक्स फाइल तिथे कॉपी करा, यंत्र रीतसर बाहेर काढा आणि चालू करा. पॉकेट क्वेरी झिपमध्ये येते, ती आधी उघडायला हवी. आत दोन फाइली निघतात. एकीत डबे असतात. दुसरीच्या नावाच्या शेवटी ‘डब्ल्यूपीटीएस’ असतं आणि तिच्यात गाडी लावायच्या जागा, पायवाटेची सुरुवात असे जोडबिंदू असतात. दोन्ही कॉपी करा.

‘लॉक’ नावाची आणखी एक फाइल दिसेल. तिच्यात नाव आणि अंकांपलीकडे फारसं काही नसतं, इशारा आणि नोंदी तर नाहीतच. जीपीएक्स मिळत असेल तर ती सोडून द्या. यंत्र फारच जुनं, पेन ड्राइव्हसारखं न उघडणारं असेल तर ‘जीपीएस बॅबेल’ हा मोफत प्रोग्राम बिंदू त्यात चढवून देतो.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. यंत्रावर ‘इनरीच’ असं लिहिलेलं आहे का? असेल तर ते नुसतं जीपीएस नाही, ते उपग्रहामार्फत संदेश पाठवतं. अशी यंत्रं परवान्याशिवाय बाळगणं भारतात बेकायदा आहे आणि विमानतळावर लोक त्यापायी अडकलेले आहेत. ईट्रेक्ससारखं फक्त जागा दाखवणारं साधं यंत्र असेल तर ही चिंता नाही.

प्रश्न: आमच्या ट्रेकिंग ग्रुपवर पॉकेट क्वेरीची फाइल टाकली तर चालेल का? एकानेच पैसे भरले की पुरे. (फतेहगंज)

नाही. ती माहिती तुमच्या स्वतःच्या वापरासाठी दिलेली असते, वाटण्यासाठी नाही. शिवाय ग्रुपवरची फाइल महिनोन्‌महिने फिरत राहते आणि कोणीतरी जुन्याच अंकांवर निघतं. डब्याचा जीसी क्रमांक (साइटवर प्रत्येक डब्याला असलेला, ‘जीसी’ने सुरू होणारा) कळवा, प्रत्येकाने आपापल्या खात्यातून ताजी माहिती घ्यावी.

प्रश्न: पावागडावर पहाटे सापडलेल्या डब्याची नोंद आदल्या दिवसाच्या तारखेने झाली. दुसरं म्हणजे माझा फोन चोरीला गेला आणि त्यात न पाठवलेल्या अकरा नोंदी होत्या. त्या परत मिळतील का? (रावपुरा)

तारखेचं कारण तुमची पहाट. गार्मिनसारखं यंत्र सापडलेले डबे ज्या फाइलीत टिपून ठेवतं तिच्यात वेळ ग्रिनिचची लिहिली जाते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी सापडलेला डबा तिथे आदल्या रात्री ११.४० चा होतो. नोंदी साइटवर आधी मसुदा म्हणून चढतात. प्रसिद्ध करण्यापूर्वी पहाटेच्या नोंदींची तारीख हाताने बदला.

चोरीला गेलेल्या नोंदी परत मिळणार नाहीत. सांगताना वाईट वाटतं, पण आशेवर ठेवण्यात अर्थ नाही. डब्यांतल्या वह्यांत तुमचं नाव आणि तारीख आहे, फोनने काढलेले फोटो मेघसाठ्यात गेले असतील तर त्यांच्यावरही वेळ आणि जागा असेल. तेवढ्यावरून अकराही नोंदी नव्याने लिहिता येतील. आठवण ताजी आहे तोवर या आठवड्यातच बसा. पुढे मात्र ऑफलाइन लिहिलेली नोंद त्याच संध्याकाळी, रेंज आल्याबरोबर, पाठवत जा. पैसे भरणारे सभासद असाल तर ‘माय फाइंड्स’ नावाची पॉकेट क्वेरी तुम्हाला सापडलेले सगळे डबे आणि तुमच्या नोंदी एका फाइलीत देते. ती तीन दिवसांतून एकदाच चालवता येते. मी दर दिवाळीला चालवते आणि फाइल पेन ड्राइव्हवर ठेवते. विंडोज वापरत असाल तर जीसॅक हा प्रोग्राम अशा फाइली वर्षानुवर्षं नीट सांभाळतो.

प्रश्न: मी कमाटी बागेजवळ परवानगी घेऊन डबा ठेवणार आहे. इशारा मराठीत लिहिला तर तो साइटवर लपत का नाही? (प्रतापनगर)

कारण साइट इशारा लपवते ती रोमन अक्षरं तेरा-तेरा जागा पुढे सरकवून. अक्षरं सव्वीस, म्हणून पुन्हा तेरा सरकवली की मूळ मजकूर परत. देवनागरीला ही पद्धत हातच लावत नाही, त्यामुळे तुमचं वाक्य उघडं राहतं आणि शोधणाऱ्याची मजा जाते. इशारा मराठीतच ठेवा, फक्त रोमन लिपीत लिहा. ‘वडाच्या पारंबीमागे’ हे वडांच्या शहरात कोणालाही कळेल.