डिलिव्हरी झाली, शुगर गेली, मग परत टेस्ट कशाला?

प्रेग्नन्सीत शुगर निघालेल्या जवळजवळ प्रत्येक घरातून हा प्रश्न येतो. मागे एक जोडपं आलेलं, बाळ दीड महिन्याचं. नवऱ्याने वहीत सगळा खर्च मांडून आणलेला, स्ट्रिप्स, इन्सुलिन, जादाच्या सोनोग्राफ्या, आणि जन्मल्यावर बाळाची शुगर खाली गेली म्हणून काचेत ठेवलं त्याचं वेगळं बिल. ती म्हणाली, मॅडम आता घरी मशीनवर नॉर्मल येतंय, अजून किती पैसे घालायचे?

राग अगदी रास्त होता तिचा. महिनोन्महिने बोटं टोचून घेतलेली असतात, परत लॅबचं तोंड बघू नये वाटणारच.

मी तिला एवढंच समजावलं की वारेच्या, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटाच्या, हार्मोन्समुळे इन्सुलिन नीट काम करत नव्हतं, वार पडली की शुगर बहुतेकींची लगेच उतरते, पण त्या ताणाला तुमचं शरीर कमी पडलं हे तर कळलंच ना, म्हणून अशा बायकांना पुढे टाइप २ डायबेटिस होण्याचा धोका इतरांपेक्षा साधारण ७ ते १० पट असतो. आणि तो झाला की वहीतला खर्च काहीच नाही, गोळ्या जन्मभर, शिवाय डोळे, किडनी, हार्ट यांच्या तपासण्या. त्यापुढे ही एक टेस्ट फारच स्वस्त पडते.

टेस्ट डिलिव्हरीनंतर ६ ते १२ आठवड्यांत, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी. नुसती उपाशीपोटीची करून भागत नाही, एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, पण इतक्या लवकर फसवा येऊ शकतो.

तिने केली. उपाशीपोटीची छान, दोन तासांची मात्र १४० च्या वर, पण २०० च्या आत, म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसचा उंबरठा. रडली खूप. पण खरं सांगू, मला हायसं वाटलं, कारण या टप्प्यावर हातात बरंच काही असतं. वजन ५ ते ७ टक्के उतरलं, रोजचं चालणं टिकलं तरी धोका चांगलाच कमी होतो, अंगावर पाजण्याचाही फायदा होतो, गरज पडली तर डॉक्टर मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी देतात. नवऱ्याला म्हटलं, तिला चालायला वेळ मिळायचा तर बाळ तेवढा वेळ तुम्ही सांभाळायचं, हे पण वहीत लिहा. त्याने खरंच लिहिलं.

आता तिची टेस्ट दरवर्षी, बाळाच्या वाढदिवसाच्या महिन्यात, म्हणजे विसरायला नको. आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर दिवस राहायच्या आधी शुगर बघायची, हे दोघांनाही सांगून ठेवलंय.