शतकाचे सेकंद करताना

शतकावरून थेट सेकंदावर उडी मारू नकोस. मधे दिवसावर थांब. दिवसाचे सेकंद 86,400, हा आकडा एकदाच पाठ कर, आयुष्यभर पुरतो.

खरी गोची वर्षात आहे. 365 धरलेस तर शतकाला 36,500 दिवस येतात, 365.25 धरलेस तर 36,525. म्हणजे तब्बल 25 दिवसांची तफावत! म्हणून आधी ठरव, वर्ष कुठलं? खगोलशास्त्रात 365.25 दिवसांचं वर्ष घेतात, त्याचे सेकंद 3,15,57,600. आपल्या नेहमीच्या कॅलेंडरची सरासरी 365.2425 दिवस. जे घेशील ते उत्तराशेजारी लिहून ठेव. मी ते लिहायचा आळस केला आणि नंतर माझंच गणित मला जुळेना.

महिना मात्र मधे आणूच नकोस. 28 ते 31 दिवसांत लोंबकळणारं एकक ते, त्याच्यावर काय भरवसा ठेवायचा?

तोंडी अंदाजाला सोपी युक्ती: वर्षाचे सेकंद म्हणजे पाय (π, साधारण 3.14) गुणिले एक कोटी. चूक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आणि शून्यं मोजताना घाई नको. दहा लाख सेकंद जेमतेम साडेअकरा दिवसांत संपतात, एक अब्ज सेकंदांना पावणेबत्तीस वर्षं लागतात.