वाचक विचारतात : मारिओ द्रागी आणि कधीच न वापरलेली योजना

प्रश्न : 'लागेल ते करू' या एका वाक्यावर मारिओ द्रागी यांनी युरो वाचवला असं वाचलं. नुसत्या बोलण्याने बाजार वळतो का? (नाशिक)

नुसत्या बोलण्याने नाही. २६ जुलै २०१२ ला लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेचे (ईसीबीचे) तेव्हाचे अध्यक्ष द्रागी जे बोलले, त्याचा मराठीत अर्थ असा : 'आमच्या अधिकारकक्षेत राहून, युरो टिकवण्यासाठी लागेल ते करायला ईसीबी तयार आहे.' सगळे वाक्याचा उत्तरार्ध सांगतात आणि 'अधिकारकक्षेत राहून' हे शब्द गाळतात. मेख तिथेच आहे. ईसीबीला सरकारांना पैसा पुरवायची करारानेच मनाई आहे. सरकारने कर्ज उभारायला नव्याने काढलेले रोखे तिला थेट घेता येत नाहीत.

त्या आठवड्यात स्पेनच्या दहा वर्षांच्या रोख्यांचा परतावा साडेसात टक्क्यांच्या वर गेला होता. म्हणजे काय, ते हिशेबाने पाहा. १०० युरोचा, ५ टक्के व्याजाचा, दहा वर्षांचा रोखा घेतला आणि बाजारातला परतावा ७.५ टक्के झाला, तर त्या रोख्याचा भाव ८३ युरोच्या आसपास येतो. असे रोखे पोटात ठेवून बसलेल्या बँकांचं काय होत असेल, ते सांगायला नको.

एवढा परतावा मागण्यामागे दोन भीती होत्या. एक, सरकार बुडेल. दुसरी, देश युरो सोडेल आणि आपले पैसे पेसेतात किंवा लिरात, म्हणजे स्पेन-इटलीच्या जुन्या चलनांत, परत देईल. द्रागींनी बोट ठेवलं ते दुसऱ्या भीतीवर. ती असेपर्यंत ईसीबीने दर कितीही कमी केला तरी माद्रिदमधल्या कारखानदाराचं कर्ज स्वस्त होत नाही. दर शेवटच्या कर्जदारापर्यंत पोचवणं हे मध्यवर्ती बँकेचंच काम, म्हणून ते अधिकारकक्षेत बसतं. युक्तिवाद इतकाच होता, पण चोख होता.

कागदावरची योजना सहा आठवड्यांनी, ६ सप्टेंबरला आली. तिचं नाव ओएमटी (आउटराइट मॉनेटरी ट्रान्झॅक्शन्स). एक ते तीन वर्षं मुदतीचेच रोखे, तेही दुय्यम बाजारातून, म्हणजे सरकारकडून नव्हे तर आधीच्या धारकांकडून, घ्यायचे. लांब मुदतीचे घेतले असते तर सरकारला पैसा पुरवल्यासारखं दिसलं असतं. देशाने आधी युरोपच्या बचाव निधीकडे जाऊन त्याच्या अटी मान्य करायच्या. मदत मिळाली म्हणून सुधारणा गुंडाळून ठेवायची सोय नाही. खरेदीतून बाजारात आलेला पैसा दुसऱ्या बाजूने शोषून घ्यायचा. आणि रकमेला आधीपासून मर्यादा नाही.

ही शेवटची बाब आधीच्या चुकीवरून शिकलेली होती. २०१० पासून ईसीबी एका जुन्या योजनेखाली रोखे घेतच होती. सुमारे २०० अब्ज युरोंचे घेऊनही आग विझेना, कारण ती कधी हात आखडेल याचा अंदाज बांधून व्यापारी विकत राहिले. शिवाय मार्च २०१२ मध्ये ग्रीसच्या कर्जाची पुनर्रचना झाली तेव्हा खासगी धारकांना मोठा फटका बसला, ईसीबीकडचे रोखे मात्र वगळले गेले. त्यामुळे ईसीबी जितकी खरेदी करी, तितके बाकीचे स्वतःला रांगेत मागे ढकलले गेलेले समजत. ओएमटीत तिने वसुलीतला हा अग्रक्रम सोडला. माझ्या मते अमर्याद रकमेइतकंच याचंही महत्त्व आहे, पण बातम्यांत त्याला कोपराच मिळाला.

बुंडेसबँकेचे, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे, तेव्हाचे अध्यक्ष येन्स वाइडमान यांनी विरोध केला. प्रकरण कोर्टात गेलं आणि जून २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयाने योजना वैध ठरवली. ओएमटीखाली आजतागायत एकही रोखा घेतलेला नाही.

प्रश्न : 'एलटीआरओ' आपल्या रिझर्व्ह बँकेनेही केलं होतं. तेही द्रागींकडूनच आलं का? (सांगली)

नाव आणि सांगाडा ईसीबीचाच. एलटीआरओ म्हणजे मध्यवर्ती बँकेने बँकांना दिलेलं लांब मुदतीचं कर्ज. ईसीबी थोड्या मुदतीची अशी कर्जं आधीपासून देत होती. द्रागींच्या काळात मुदत थेट तीन वर्षांवर गेली. डिसेंबर २०११ मध्ये ५२३ बँकांनी ४८९ अब्ज युरो उचलले, फेब्रुवारी २०१२ मध्ये ८०० बँकांनी जवळपास ५३० अब्ज. कर्ज तारणावरच मिळे आणि तारणाच्या किमतीतून काही टक्के कापूनच. दर तेव्हा १ टक्का.

बिघडलं काय? इटली-स्पेनच्या बँकांनी १ टक्क्याने उचललेल्या पैशातला बराच भाग आपल्याच सरकारच्या पाच-सहा टक्क्यांच्या रोख्यांत घातला. नफा झाला, पण सरकार डळमळलं की बँक डळमळणार ही गाठ आणखी घट्ट बसली.

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२० मध्ये रेपो दराने, तेव्हाच्या ५.१५ टक्क्यांनी, एक व तीन वर्षांसाठी एक लाख कोटी रुपयांपर्यंतची रक्कम जाहीर केली. पुढे छोट्या वित्तसंस्थांपर्यंत पैसा जावा म्हणून एप्रिलमध्ये २५,००० कोटींचा लिलाव ठेवला, तर बोली आल्या १२,८५० कोटींच्याच. बँकांकडे पैसा होता. जोखीम नको होती.

प्रश्न : ऋण व्याजदर म्हणजे ठेवीदाराच्या खात्यातून पैसे कापले जात होते का? (डोंबिवली)

दर लागे तो बँकांनी ईसीबीकडे ठेवलेल्या जादा रकमेवर. जून २०१४ मध्ये उणे ०.१० टक्के, सप्टेंबर २०१९ मध्ये उणे ०.५० टक्के. एखाद्या बँकेचे १०० कोटी युरो वर्षभर पडून राहिले तर शेवटच्या दराने ५० लाख युरो जात. छोट्या ठेवीदारांना शून्याखाली न्यायला बँका कचरल्या. मोठ्या शिलकीवर, विशेषतः जर्मनीत, आकार लागला. बँकांचा नफा आटू लागल्यावर २०१९ मध्ये सक्तीच्या राखीव निधीच्या सहापट रक्कम या दरातून वगळली गेली. ईसीबीच्या अध्यक्षपदाच्या आठ वर्षांत द्रागींनी धोरणदर एकदाही वाढवला नाही.

प्रश्न : द्रागींचं शिक्षण आणि आधीची कारकीर्द थोडक्यात सांगाल का? (पुणे)

जन्म रोम, ३ सप्टेंबर १९४७. वडील बँकिंगमध्ये, द्रागी किशोरवयात असतानाच आई-वडील दोघंही गेले. १९७० मध्ये रोमच्या सापिएन्झा विद्यापीठात अर्थतज्ज्ञ फेदेरिको काफे यांच्या हाताखाली पदवी घेतली. पदवीच्या प्रबंधात त्यांनी एकच चलन हा वेडेपणा ठरेल असं म्हटलं होतं! पुढे एमआयटीत डॉक्टरेट. १९८४ ते १९९० जागतिक बँक, १९९१ ते २००१ इटलीच्या अर्थखात्यात महासंचालक. १९९८ चा कंपनी ताब्यात घेण्याचा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो : कंपनीतला हिस्सा ३० टक्क्यांच्या वर गेला की बाकी सर्व भागधारकांना त्यांचे शेअर घेण्याचा प्रस्ताव द्यायचा. सेबीच्या २०११ च्या नियमांत ही रेषा २५ टक्के आहे, पण सक्तीचा प्रस्ताव किमान २६ टक्क्यांचाच. मग गोल्डमन सॅक्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक, आणि अंतोनियो फात्सिओ यांनी राजीनामा दिल्यावर इटलीच्या मध्यवर्ती बँकेचं गव्हर्नरपद. टीकाकार गोल्डमनमधल्या काळावर अजून बोट ठेवतात.

प्रश्न : इटलीचे पंतप्रधान म्हणून द्रागी का टिकले नाहीत? (मडगाव)

स्वतःचा पक्ष नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये जवळपास सगळ्यांच्या पाठिंब्यावर आले. १४ जुलै २०२२ ला पाठिंबा देणाऱ्यांपैकीच फाइव्ह स्टार पक्ष सिनेटमध्ये एका विधेयकावरच्या विश्वासदर्शक मतदानापासून दूर राहिला. त्या विधेयकातली रोमच्या कचरा जाळण्याच्या प्रकल्पाची तरतूद त्यांना नको होती. राष्ट्राध्यक्षांनी पहिला राजीनामा नाकारला, आठवड्याने दुसरा घेतला. काळजीवाहू म्हणून ते २२ ऑक्टोबरपर्यंत राहिले.