दोन हजारांत कोणता राउटर घ्यावा?

प्रश्न : साताऱ्यात आमचं जुनं दगडी घर आहे. फायबर 150 एमबीपीएसचं, राउटर टीव्हीमागे. मागच्या खोलीत मुलीच्या क्लासला रेंज मिळत नाही. दोन हजारांत काय घेऊ?

उत्तर : ताई, अँटेना मोजू नका, खोक्यावर पोर्टचा, म्हणजे वायर लावायच्या खाचेचा, वेग वाचा. ‘10/100’ (म्हणजे जास्तीत जास्त 100 एमबीपीएस) लिहिलं असेल तर 150 मधले 100सुद्धा पुरते हाती लागत नाहीत. ड्युअल बँड (वाय-फायच्या 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन्ही लहरींवर चालणारा), गिगाबिट (1000 एमबीपीएसच्या) पोर्टवालाच घ्या. टीपी-लिंकच्या आर्चर सी6ला गिगाबिट पोर्ट आहेत, सी50ला नाहीत. नावं सारखी, म्हणून मुद्दाम सांगते. दगडी भिंतीपलीकडे 5 गिगाहर्ट्झ टिकत नाही, तिथे 2.4 लावा. पण खरेदीआधी राउटर टीव्हीमागून काढून उंचावर ठेवून बघाच. मागच्या खोलीपर्यंत लॅनची वायर ओढता आली तर सर्वांत उत्तम.