गोळी २ च्या रेघेवरच

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या. सगळा जन्म चुलीपुढे गेला, उकडे तांदूळसुद्धा घरीच करायच्या. आता सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा जुनाट आजार आहे. घरच्या ऑक्सिजन मशीनवर मिनिटाला २ लिटर ठेवा, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ टक्के पुरे, असं डॉक्टरांनी सांगितलंय. परवा रात्री धाप लागली म्हणून मी ५ केलं. ९८ दिसलं, बरं वाटलं. सकाळी मात्र डोकं दुखतंय म्हणाल्या आणि चहाचा कप हातात धरूनच पेंगायला लागल्या. ऑक्सिजन जास्त झाला तर बिघडतं काय?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ताई, पत्र वाचून आधी तुम्हाला फोन केला. गुंगी उतरली हे कळल्यावरच लिहायला बसलो. ते पेंगणं म्हणजे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याची खूण. अशा वेळी लगेच दवाखाना गाठायचा; पण घाबरून नळी काढून टाकायची नाही.

९८ बघून कुणालाही हायसं वाटलं असतं. पण आजारी फुफ्फुस फार जपून कारभार करतं. जिथे हवा नीट पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आवळून ते रक्त चांगल्या भागाकडे वळवतं. ऑक्सिजन एकदम वाढला की ही आवळ सुटते, रक्त बिघडलेल्या भागातून फिरतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर न टाकताच परततं. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकेपासूनच बेताचा ऑक्सिजन दिलेल्या सीओपीडी रुग्णांत मृत्यू बरेच कमी झाले. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला.

आणि फुफ्फुस म्हणजे नुसता भाता नव्हे. त्यातल्या काही पेशी रात्रंदिवस खपून हवेच्या फुग्यांना आतून पातळ, बुळबुळीत अस्तर देतात. त्यामुळेच फुगे मिटत नाहीत. या पेशी सरावल्या आहेत २१ टक्के ऑक्सिजनला. शुद्ध ऑक्सिजन दिवसभर चालला तर त्याचे दाहक कण पेशींना आवरेनासे होतात, अस्तर बिघडतं, छातीत मधोमध दुखतं, खोकला सुरू होतो. फुगे उघडे ठेवणारा नायट्रोजनही निघून जातो. घरच्या ५ लिटरने इतकं होत नाही, ती धास्ती नको. आयसीयूत मात्र आम्ही याच भीतीने रोज ऑक्सिजनचा टक्का उतरवायला बघतो.

मशीनवरच्या, किती लिटर ते दाखवणाऱ्या नळीतली गोळी २ वर येते, तिथे नेलपॉलिशची रेघ ओढा. धाप वाढली तर गोळी न चढवता डॉक्टरांना फोन करा. पावसात लाईट जाते, तेव्हा भरलेला सिलिंडर घरात हवा. आणि नळी नाकात असताना सासूबाईंना चुलीजवळ किंवा देवापुढच्या निरांजनाजवळ बसू देऊ नका.