खाऱ्या पाण्याच्या टाकीला महागडा कंट्रोलर हवाच का?

मडगावात फ्लॅट, १०० लिटरची नवी टाकी, दोन क्लाउनफिश, पुढेमागे दोन-चार मऊ कोरल. आणि तुमचा प्रश्न असा, की पीएच, ओआरपी (पाण्याची ऑक्सिडीकरणाची क्षमता), क्षारता (पाण्यातलं मिठाचं प्रमाण) सगळं मोबाइलवर दाखवणारा कंट्रोलर घ्यावा की सुटी मीटरं पुरतील? मी फोंड्याला असतो, माझी टाकीही साधारण तेवढीच. माझं मत विचाराल तर सध्या कंट्रोलर नको. आपल्याकडे मासे रातोरात जातात ते बहुतेक उकाड्याने नाहीतर वीज गेल्याने. पहिले पैसे तिथे घाला.

बाहेरच्या देशांतल्या व्हिडिओंत सगळा भर हीटरवर असतो. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३२-३३ अंशांवर, वर दिव्यांची आणि पंपांची ऊब. पाणी मात्र २५-२६ला हवं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि माशाला तेव्हाच तो जास्त लागतो. म्हणून आकडा नुसता दाखवणारं थर्मामीटर पुरत नाही, आकडा चढला की काहीतरी चालू-बंद करणारं यंत्र हवं. एसटीसी-१००० सारखा साधा तापमान कंट्रोलर घ्या. एका बाजूला हीटर, दुसऱ्या बाजूला पंखा किंवा चिलर. त्याच्या मागच्या बाजूला २३० व्होल्टचे स्क्रू उघडेच असतात, तेव्हा वायरमनकडून डबीत बसवून घ्या. चिलर जोडणार असाल तर कॉम्प्रेसर बंद होऊन पुन्हा सुरू होण्यातला विलंब तीन मिनिटांच्या खाली ठेवू नका. हीटर पावसाळ्यात क्वचितच लागेल, पण त्याचा थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला तर हाच कंट्रोलर त्याची वीज तोडतो. सोबत एक काचेचं थर्मामीटर ठेवा, डिजिटलवाला खोटं बोलतोय का ते कळायला. काचेवर चिकटवायची रंगीत पट्टी घेऊ नका, ती अर्धं तापमान खोलीचंच दाखवते.

पंख्याने पाणी गार होतं ते बाष्पीभवनामुळे. हवा दमट असली की हा उपाय लंगडा पडतो, आणि जे पाणी उडतं त्याने क्षारता चढते. १०० लिटरमधले दोन लिटर उडाले की क्षारता हजारी ३५ची जवळजवळ ३५.७ होते, कारण मीठ मागेच राहतं. भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची. शक्य असेल तर फ्लोटवाला ऑटो टॉप-अप, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारा, बसवा.

क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटरच घ्या. काट्याच्या प्लास्टिक हायड्रोमीटरला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा फिरतो. शिवाय घेताना नीट बघा: बाजारात मिठाच्या साध्या द्रावणासाठीचेही मिळतात, तुम्हाला समुद्राच्या पाण्याची पट्टी असलेला हवा. काचेवर दोन-तीन थेंब टाका, झडप हळूच मिटा म्हणजे हवा अडकत नाही, अर्धा मिनिट थांबा, मग उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्याची सीमा वाचा. ३५ म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६. जुळवणी नुसत्या शुद्ध पाण्यावर करू नका. शून्य बरोबर दाखवणारा मीटर ३५ला चुकलेला असू शकतो, त्यासाठी ३५चं प्रमाणित द्रावण वेगळं मिळतं.

आणि हे यंत्र मीठ किती ते सांगतं, कसलं ते नाही. आगरातलं मीठ विरघळवलं तरी ते ३५ दाखवेल. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात, मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्याबरोबर निघून जातं. तेव्हा टाकीला सागरी मिश्रणाचं मीठच. मिरामारवरून कॅनमध्ये पाणी आणायचा विचार असेल तर तोही सोडा, पावसाळ्यात मांडवी तिथे गोडं पाणी ओतत असते.

पीएच प्रोब हौसेपुरता ठीक. ७ आणि १०च्या द्रावणांत वरचेवर जुळवावा लागतो, वर्ष-दीड वर्षात बदलावा लागतो, सुकला की गेलाच. एसीच्या बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच ७.८ला आला की माणूस उगाच औषधं ओतायला लागतो. खिडकी उघडा. ओआरपी विसरून जा.

नवीन टाकीला अमोनिया आणि नायट्राइटचं थेंबांचं किट लागेल, नंतर नायट्रेट. कोरल आल्यावर अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. ती डीकेएच या एककात मोजतात, ८-९ डीकेएच स्थिर राहिली की झालं. थेंबांचा रंग ओळखता येत नसेल तर हॅना कंपनीचा छोटा डिजिटल चेकर सोयीचा. आरओच्या पाण्यासाठी टीडीएसचं (विरघळलेले क्षार मोजणारं) पेन घ्या, पण ते टाकीत बुडवू नका, समुद्राचं पाणी त्याच्या आवाक्याबाहेरचं.

आता विजेचं. मोबाइलवर इशारा देणारं यंत्र घेतलंत आणि राउटर इन्व्हर्टरवर नसेल, तर वीज गेल्यावर इशारा येणार कुठून? आधी राउटर आणि एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) इन्व्हर्टरवर घ्या. ते जमत नसेल तर वीज गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप.

प्लगपाशी दर पंधरा दिवसांनी बघत चला. खाऱ्या हवेत पिनांवर हिरवट गंज आणि सॉकेटच्या कडेला पांढरी मिठाची खपली धरते. वायरी आधी खाली लोंबू देऊन मग वर सॉकेटात न्या, म्हणजे ओघळ सॉकेटात शिरत नाही. बोर्ड टाकीखालच्या कपाटात नको. आणि त्या लाइनवर आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) नसेल, तर वरची सगळी यादी बाजूला ठेवून आधी ती बसवून घ्या.